सोबत राहण्याच्या अटी

इंग्लंडच्या व्हिसासाठी मला एक गोष्ट सिद्ध करायची आहे. माझ्या बायकोशी माझं नातं खरं आहे आणि ते आजही चालू आहे. लग्न झालं होतं, एवढं पुरत नाही. लग्न झालेली माणसं नवरा-बायको उरलेली असतातच असं नाही, हे त्या सरकारला ठाऊक आहे. आपल्यालाही ते ठाऊक असतं, फक्त आपण त्याचा पुरावा कुणाकडे मागत नाही.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. बायको उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय आहे धानाच्या बांधीतून निघणारा मिथेन वायू. ज्या चिखलात तिच्या आईनं जन्मभर वाकून रोवणी केली, त्याच चिखलातून किती वायू वर येतो याचे हिशेब ती तिकडे करते. मी तिच्याकडे जाऊन राहावं असं आमच्या दोघांचं ठरलं आहे. ठरवायला वेळ लागला नाही. वेळ लागतो आहे तो इतरांना समजावायला, आणि त्या इतरांमध्ये कधी कधी मीही असतो.

नियमांचं आधी सांगून टाकतो. ती पीएच.डी.ला गेली म्हणून मला दार उघडं आहे. १ जानेवारी २०२४ नंतर सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी इंग्लंडनं नियम बदलला. वर्गात बसून करायच्या मास्टर्सला गेलेल्यांना आता नवरा किंवा बायको नेता येत नाही. संशोधनाची पदवी हवी, नाहीतर सरकारनं पाठवलेला विद्यार्थी हवा. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसा मिळतो, पण त्यावर एक डॉलरही कमावता येत नाही. जर्मनीत गेल्यावर काम करता येतं, मात्र बहुतेकांना निघण्यापूर्वी प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते. कॅनडानं जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा कामाचा परवाना आखडला. मास्टर्स असेल तर ते निदान सोळा महिन्यांचं हवं. सगळीकडे तशाच दोन माणसांना एकत्र राहायचं असतं, तरी कुठे पदवीची पातळी आड येते, कुठे व्याकरण, कुठे रिकामे हात.

आमच्या वाट्याला आलेली अट पैशाची. लंडनबाहेर राहणार असाल तर जोडीदारासाठी महिना ६८० पौंड, असे नऊ महिन्यांचे ६,१२० पौंड, म्हणजे सात लाखांच्या आसपास रुपये, खात्यात दाखवायचे. ते सलग २८ दिवस तिथेच पडून राहिले पाहिजेत. शिवाय आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ. क्षयरोग नसल्याचा दाखला वेगळा.

पण मला अडवून धरलं ते पैशांनी नाही, पुराव्यानं.

आमचं लग्न गावच्या विहारात झालं. तिनं पांढरी साडी नेसली होती, मी पांढरा सदरा घातला होता. समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेब आंबेडकरांचा फोटो. त्रिशरण, पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, हार, आणि मग वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. लग्न लावलं ते माझ्या काकाजींनी, ते आमच्या भागातले बौद्धाचार्य आहेत. नागपूरच्या एका व्हिसा एजंटानं हे फोटो पाहिले आणि तोंड वाकडं केलं. ‘सर, हे लग्न वाटत नाही. एखाद्या सभेतला सत्कार वाटतो. फेऱ्यांचा एकही फोटो नाही का?’ मी म्हटलं, आमच्यात अग्नी साक्षीला नसतो. तो म्हणाला, ‘मग साक्षीला कोण असतं?’ त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

साक्षीला माणसं असतात. एवढंच. बुद्धानं लग्नाचा विधी सांगितलेला नाही. संघातल्या भिक्खूंनी लग्नं लावावीत असाही दंडक नाही. बौद्ध परंपरेत विवाह हा देवाघरी ठरलेला संस्कार कधी नव्हता, तो दोन गृहस्थांचा आपसातला करार होता. बाबासाहेबांनी स्वतःचं दुसरं लग्न १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी केलं, तेही नोंदणी पद्धतीनं. तेव्हा कागद मागितला म्हणून सगळ्यात कमी राग आला पाहिजे तो आम्हाला. ग्रामसेवकाकडून विवाह नोंदणीचा दाखला आणताना मला काही वाटलंही नाही. आमच्या लग्नाला लागू होतो तो १९५५ चा हिंदू विवाह कायदा, कारण त्याच्या कक्षेत बौद्धही येतात. ही गंमत मी एजंटाला सांगितली नाही. तो आधीच गोंधळला होता.

दाखल्यानं लग्न झाल्याचं सिद्ध झालं. ते चालू आहे याचं काय? त्यासाठी फोनच्या नोंदी, संदेश, एकमेकांना पाठवलेले पैसे. एजंटानं आमचे संदेश चाळले आणि म्हणाला, यात प्रेमाचं काही नाही. खरंच नव्हतं. ‘गॅस बुक केला?’ ‘आईच्या गुडघ्याला तेल आणलं का?’ ‘मीटर रीडिंगचा फोटो पाठव.’ ‘इथं चार वाजताच अंधार पडला.’ त्याला बदाम आणि गुलाब असलेले संदेश हवे होते. मी ते द्यायचं नाकारलं, कारण माझ्या मते मीटर रीडिंगचा फोटो हाच भक्कम पुरावा आहे. जे नातं संपलेलं असतं त्यात गुलाब पाठवता येतात, मीटरचं रीडिंग मागता येत नाही.

इथूनच मी विचारात पडलो. मिलिंद राजा आणि भन्ते नागसेन यांच्या संवादात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत आहे. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही, आणि दुसरीही नाही. प्रत्येक क्षणी तेल आणि वात यांच्या आधारानं ती नव्यानं जळत असते. हा प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे सगळं कारणांच्या आधारानं घडतं हा विचार, मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो. पण तो माझ्या लग्नाला लावून पाहायची वेळ व्हिसाच्या अर्जानं आणली. नातं ही कपाटात ठेवलेली वस्तू असती तर दाखल्यानं काम भागलं असतं. ते कारणांवर उभं असतं, कारणं संपली की संपतं. म्हणून ‘आजही चालू आहे का’ हा त्या अधिकाऱ्याचा प्रश्न मला अपमानाचा वाटला नाही. मी तर म्हणेन, ‘जन्मोजन्मीचं नातं’ म्हणणाऱ्यांपेक्षा तो प्रश्न धम्माच्या जवळचा आहे.

काकाजींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणाले, ‘तीन वर्षं तं जातेत पाहता पाहता. रमाईनं किती काढले? आन तू बायकोच्या मांगं जातेस गा?’

यातला शेवटचा भाग गावाचा आहे, तो मी सोडून देतो. बायको नवऱ्यामागं गेली तर संसार, नवरा बायकोमागं गेला तर बैल, असा गावाचा हिशेब आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली तोवर पोस्टातले गोपाळराव मागून तिथे पोचले होते. गोपाळरावांच्या स्वभावाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण नवऱ्यानं मागून जाण्याची वाट महाराष्ट्राला तेव्हापासून माहीत आहे.

रमाईचा, म्हणजे बाबासाहेबांच्या पहिल्या पत्नी रमाबाईंचा भाग मात्र सोडून देता येत नाही.

आमच्याकडे ७ फेब्रुवारीला रमाई जयंती होते. भाषणं होतात, गाणी होतात, आणि सगळ्यांत एकच शब्द फिरत असतो, त्याग. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले तेव्हा मुलगा यशवंत काही महिन्यांचा होता. सासरे रामजी सुभेदार त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. १९१६ ला बाबासाहेब तिथून लंडनला गेले, १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परतले, १९२० ला पुन्हा गेले, १९२३ ला आले. मधल्या काळात रमाबाईंनी मुंबईत शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, असं आमच्या आज्या सांगत आल्या. पोटची मुलं गेली, त्यातला एकटा यशवंत जगला. २७ मे १९३५ ला त्या स्वतःही गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला.

हे सगळं ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण मग मी विचारतो, त्यांना कुणी अडवलं होतं? १९१३ साली अमेरिकेला जायला आजच्यासारखा व्हिसा लागत नव्हता. नातं सिद्ध करा असं कुणी म्हणालं नसतं. अडवलं होतं ते साडेअकरा पौंडांनी. सयाजीराव महाराजांनी दिलेली बडोद्याची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड होती, एका माणसापुरती मोजलेली, आणि त्यातूनही घरी पाठवायचे असत. म्हणजे रमाईचा विरह ही निवड नव्हती, ती गरिबी होती. गरिबीनं लादलेल्या गोष्टीला आपण त्याग म्हणू लागलो की दोन गोष्टी होतात. त्या बाईचं दुःख शोभेचं होऊन बसतं, आणि पुढच्या प्रत्येक बाईला, आता माझ्यासारख्या पुरुषालाही, तसंच सोसायला सांगता येतं.

बुद्धानं पहिल्या प्रवचनात प्रिय माणसाचा वियोग दुःखात मोजला आहे, जन्म, जरा आणि मरणाच्या ओळीत. पुण्यात मोजलेला नाही. आणि दुःख सांगून तो थांबला नाही. दुःखाला कारण आहे, ते कारण दूर होऊ शकतं, हे पुढे लगेच सांगितलं. ज्या दुःखाचं कारण ६,१२० पौंडांचं असेल आणि ते पौंड उभे करता येत असतील, ते दुःख गौरवानं सोसत बसणं हा मला धम्म वाटत नाही. हे मी काकाजींना सांगितलं, इतक्या ठामपणे नाही, पण सांगितलं.

ते वाचणारे गृहस्थ आहेत. उत्तर द्यायला त्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, तुझ्या बुद्धानंच बायको सोडली ना?

यावर आमच्या विहारात वाद घालणं सोपं आहे, कारण वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने आम्ही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. बाबासाहेबांनी त्यात मध्यरात्री झोपलेल्या यशोधरेला सोडून जाण्याची कथा नाकारली आहे. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, आणि शाक्य संघाच्या निर्णयामुळे त्याला देश सोडावा लागतो. निघण्यापूर्वी तो यशोधरेशी बोलतो. ती संमती देते, आणि राहुल लहान नसता तर आपणही सोबत निघालो असतो असं म्हणते. पाण्यावरून तंटा म्हणजे काय हे इटियाडोहच्या कालव्याखाली धान पेरणाऱ्या आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. पण मला त्या प्रकरणातली संमती महत्त्वाची वाटते. ते पान लिहिताना बाबासाहेबांना १९१३ आठवलं असेल असं माझं मन म्हणतं. पुरावा काही नाही. तो व्हिसा अधिकारी ते मान्य करणार नाही, तुम्हीही करू नका.

काकाजी मात्र गप्प झाले नाहीत. त्यांचा खरा मुद्दा पुढे आला, आणि तो बिनतोड होता. तुला तिची आठवण येते ती मैत्री आहे की राग? इथं राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती. बुद्धघोषानं ‘विसुद्धिमग्गा’त लिहिलं आहे की मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, पण जवळचा शत्रू राग. दूरचा शत्रू ओळखू येतो. जवळचा घरातल्या माणसासारखाच दिसतो, म्हणून घात करतो. मी तिच्यासाठी जातो आहे की माझ्या रिकाम्या संध्याकाळींसाठी?

मी हा प्रश्न तिलाच विचारला. तिकडे सकाळ होती, ती प्रयोगशाळेत निघाली होती. ती म्हणाली, ‘तू येऊन दिवसभर माझी वाट पाहत बसणार असशील तर येऊ नकोस. मला घरी कुणी वाट पाहत असलं की काम सुचत नाही. तू तुझं काही करणार असशील तर ये.’ प्रेमाचं वाक्य म्हणून एजंटाला हे मी दाखवणार नाही. पण माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाच्या बायकोनं इतकं स्वच्छ सांगितलं असेल असं वाटत नाही. पीएच.डी. करणाऱ्याच्या जोडीदाराला तिथं काम करता येतं. शिक्षकाचं काम मला लगेच मिळणार नाही, बहुधा गोदामात खोकी उचलावी लागतील. ते चालेल.

त्यानंतर मला नकुलपिता आणि नकुलमाता आठवले. अंगुत्तर निकायात हे म्हातारं जोडपं भेटतं. ते बुद्धाला म्हणतात, आम्ही लहानपणी एकत्र आलो, मनानंही कधी एकमेकांशी प्रतारणा केली नाही. या जन्मी आणि पुढच्या जन्मीही एकमेकांना पाहत राहावं अशी आमची इच्छा आहे. बुद्ध त्यांना आसक्ती सोडा म्हणत नाही. तो अटी सांगतो. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा या चार बाबतींत दोघं समान असले पाहिजेत. म्हणजे सोबत राहायला अटी असतात हे बुद्धालाही मान्य आहे. इथला त्याग म्हणजे सोसणं नव्हे, हातचं मोकळेपणी देणं. आणि ते एकट्या बाईच्या वाट्याला टाकलेलं नाही, ते दोघांत समान असायला हवं. पुढच्या जन्माचं मी बाजूला ठेवतो. चौथी अट मला झोंबली. प्रज्ञेत समान. ती संशोधन करते, मी पाचवीला भागाकार शिकवतो. समान याचा अर्थ सारखी पदवी नसावा. पण तीन वर्षं ती एका जगात वाढत राहिली आणि मी दुसऱ्यात थांबून राहिलो, तर व्हिसा अधिकाऱ्याला मान्य झालेलं नातंही या चौथ्या अटीवर नापास होऊ शकतं. मला जायचं आहे त्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि अर्जात त्याला रकाना नाही.

याच जोडप्याची आणखी एक गोष्ट आहे. नकुलपिता मरणाच्या दारात असताना बायको त्याला सांगते, माझी काळजी मनात घेऊन मरू नकोस. मला सूत कातता येतं, लोकर पिंजता येते, मी मुलं वाढवीन. मला वाटतं, मागे राहणाऱ्या माणसानं जाणाऱ्याला द्यायचा याहून चांगला निरोप नाही.

गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची, आमच्याच तालुक्यात. तिथली एक बाई हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरात जाते. तिच्याशी माझी जुनी ओळख. तिचा नवरा परदेशात आहे, आणि तिच्याकडे भारतीय पासपोर्ट नाही, पिवळ्या रंगाचं ओळखपत्र आहे. तिबेटी माणसाला प्रवासासाठी भारत सरकार तेच देतं. मी माझ्या पुराव्यांची रड सांगितली तेव्हा ती हसली. म्हणाली, ‘गुरुजी, फोटो के पीछे तारीख लिखो, और साथ में घर के बूढ़े लोग खड़े करो.’ धम्मावर ती काही बोलली नाही. वियोगावर माझ्यापेक्षा तिचा अधिकार जास्त होता, तरी नाही.

तिच्या सल्ल्यानं मी फोटो निवडायला बसलो आणि घरचे म्हातारे शोधू लागलो. प्रत्येक फोटोत आई होती. सिगालोवाद सुत्तात बुद्धानं सहा दिशा सांगितल्या आहेत. पूर्व दिशा आईवडिलांची, पश्चिम दिशा पत्नीची आणि मुलांची. माझ्या बाबतीत हे नकाशावरही खरं निघालं. त्या सुत्तातल्या सिगालानं सहाही दिशांना वंदन करायचं होतं, एका जागी उभं राहून, आळीपाळीनं वळून. मला विमानात बसायचं आहे. एका प्रिय माणसाचा वियोग संपवताना मी दुसऱ्या प्रिय माणसाचा वियोग सुरू करतो आहे, आणि या दुसऱ्यासाठी इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसात जागा नाही. शिकणाऱ्याचा नवरा चालतो, बायको चालते, लहान मुलं चालतात, सासू चालत नाही. पहिलं आर्यसत्य रद्द होत नाही, ते पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. काकाजींना मी जिंकलं असं मला वाटत असताना हे माझ्या लक्षात आलं. ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.

आईला मी सगळं समजावलं. रजा बिनपगारी असेल, लहान भाऊ घरी आहे, शेत तोच पाहील. तिनं दुःखाचं काही विचारलं नाही. तिनं विचारलं ते पैशांचं. सात लाख बँकेत २८ दिवस हलवायचे नाहीत, हे तिला पुन्हा सांगावं लागलं, कारण तिचा विश्वास बसत नव्हता. त्यातले दीड लाख तिचे आहेत, धान विकून आलेले.

‘मंग रोवणीवाल्या बायाले का देशील?’ ती म्हणाली. ‘त्या का इंग्लंडले विचारून थांबतेत?’

मी सोसायटीच्या पीककर्जाचं नाव काढलं. तिनं मान हलवली. चिखलात उभ्या बाईची मजुरी उधारीवर ठेवायची नाही, हा तिचा नियम माझ्या आज्याच्या काळापासूनचा आहे. रोवणी झाली, मजुरी फिटली, उरलेलं मोजलं, की मग पैसे बँकेत बसतील. तेव्हा अर्ज पोळ्यानंतरच. बायकोला हे कळवलं. तिनं आधी रोवणी कुठपर्यंत आली ते विचारलं, आणि मग बांधीतलं पाणी किती बोटं आहे ते मोजून पाठवायला सांगितलं, तिच्या तक्त्यासाठी.